आजोबांनी ताट भिरकावलं, वडिलांनी आपटलं. आता माझं काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे ३३ वर्षांचे, नागपूरच्या मिहान उद्योगनगरीत नोकरीला. आजोबांची काटोलकडे संत्र्याची बाग होती. भाजीत मीठ कमीजास्त झालं की आजोबा ताट अंगणात भिरकावायचे. वडील भिरकावत नसत, जागच्या जागी आपटायचे. गेल्या महिन्यात यांनी स्वतः ताट जोरात पुढे सरकवलं आणि जेवणावरून उठले. पत्नीला सातवा महिना आहे. हे सध्या एका समुपदेशकाकडे जातात, सहा सेशन झाली. समुपदेशक अस्तित्ववादी पद्धतीचे आहेत, ‘निवड’, ‘जबाबदारी’, ‘अर्थ’ हे शब्द त्यांच्या तोंडी सतत असतात. मधेच यांच्या वाचनात आलं की माणसाचा स्वभाव अर्धा आनुवंशिक असतो. म्हणून तीन प्रश्न: अर्धं आधीच ठरलं असेल तर निवडीची भाषा म्हणजे फसवणूक नाही का? हे बाळात उतरणार का? आणि एखादी जनुकीय चाचणी करून घ्यावी का?

तिसऱ्याचं उत्तर एका शब्दाचं आहे, ते आधी देतो. नको.

बाकी दोघांना वेळ लागेल. धंतोलीत माझ्या दवाखान्याला सव्वीस वर्षं झाली आणि या सव्वीस वर्षांत हेच दोन प्रश्न वेगवेगळे कपडे घालून समोर बसले आहेत. आपल्या भाषेनं तर निकाल केव्हाच लावून ठेवलाय. खाण तशी माती. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. स्वभावाला औषध नाही. पेशंट खुर्चीत बसायच्या आत त्याला घेऊन आलेला नातेवाईक यातलं एक वाक्य बोलून मोकळा होतो, आणि मग विचारतो, ‘किती दिवस लागतील?’

विदर्भातल्या माणसाला ‘आनुवंशिक’ म्हटलं की आधी सिकलसेल हा रक्ताचा आजार आठवतो, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या एका जनुकात एक बदल असतो. आई आणि वडील दोघंही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के, आणि दोन्ही नसण्याची २५ टक्के. रक्त तपासलं की कळतं. लग्न जमवताना पत्रिका नंतर बघा, हा रिपोर्ट आधी बघा, असं आम्ही डॉक्टर लोक सांगतो ते बरोबरच आहे. पण तेच चित्र डोक्यात धरून माणूस स्वभावाकडे बघतो. त्याला वाटतं, रागाचंही असंच एक जनुक असेल, आजोबांकडून वडिलांकडे, वडिलांकडून माझ्याकडे आलं असेल, आणि एखाद्या लॅबमध्ये ते दिसेल.

तसं जनुक शोधायचा प्रयत्न झाला नाही असं नाही. १९९६ साली सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाची वाहतूक करणाऱ्या प्रथिनाच्या जनुकाचा संबंध चिंतातुर स्वभावाशी जोडणारा निबंध आला आणि पुढे कित्येक वर्षं तशा निबंधांचा पाऊस पडला. अमुक जनुक नैराश्याचं, तमुक धाडसाचं. मीही तेव्हा व्याख्यानांत ते उत्साहानं सांगायचो. २०१९ साली नैराश्यासाठी प्रसिद्ध झालेल्या अशा १८ जनुकांची लाखो लोकांच्या माहितीवर परीक्षा घेतली गेली. डोळे मिटून उचललेल्या कुठल्याही जनुकांपेक्षा ती सरस ठरली नाहीत. त्याआधी २०१८ मध्ये साडेचार लाखांच्या आसपास लोकांच्या डीएनएचा अभ्यास झाला होता. मनाची अस्थिरता, म्हणजे चिडणं, काळजी, मूड जाणं हे सगळं मिळून जो गुण होतो, त्याच्याशी जोडलेल्या १३६ जागा त्यात सापडल्या. प्रत्येक जागेचा वाटा चिमूटभर. जनुकांमधले असे सगळे सर्वसामान्य बदल एकत्र मोजले तरी माणसामाणसांतल्या फरकाचा जेमतेम दहावा भाग हाती लागतो. शिवाय ज्यांच्यावर अभ्यास झाला ती माणसं युरोपीय वंशाची. काटोलच्या माणसाचा राग त्यावरून सांगणं म्हणजे लंडनचं हवामान बघून नागपुरात छत्री घेऊन निघणं. म्हणून चाचणी नको. बोटांच्या ठशांवरून मुलाचा स्वभाव आणि करिअर सांगणारे अहवाल हल्ली शाळाशाळांतून विकले जातात, त्यांना तर एवढाही आधार नाही. ते पैसे बाळाच्या झुल्याला ठेवा.

मग ‘अर्धा’ हा आकडा आला कुठून? जुळ्यांकडून. १८७५ साली फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञानं जुळ्यांकडे बघायची युक्ती सुचवली, आजची पद्धत त्यातून पुढे घडली. एकसारख्या जुळ्यांचे सगळे जनुक सारखे. वेगळ्या चेहऱ्याच्या जुळ्यांत, सख्ख्या भावंडांप्रमाणे, ज्या जनुकांत माणसामाणसांत फरक असतो त्यांतले सरासरीनं निम्मे सारखे. दोन्ही जोड्या एकाच घरात, एकाच वेळी वाढतात. एकसारखे जुळे स्वभावानंही जास्त जुळत असतील, तर ते जास्तीचं साम्य जनुकांच्या खात्यावर टाकायचं. २०१५ मध्ये या पद्धतीच्या पन्नास वर्षांतल्या २,७४८ निबंधांची बेरीज झाली, जवळपास दीड कोटी जुळ्यांच्या जोड्या. उंचीपासून मनापर्यंत सगळ्या गुणांची मिळून सरासरी ४९ टक्के आली. त्याच वर्षी फक्त व्यक्तिमत्त्वाचा वेगळा हिशेब झाला, तो ४० टक्के. त्यातही जुळ्यांच्या अभ्यासांतून ४७ आणि दत्तक मुलं किंवा इतर नातेवाईक यांच्या अभ्यासांतून फक्त २२. हा शेवटचा आकडा बाजूला काढून ठेवा, बाळाच्या प्रश्नाला तोच लागणार आहे.

जन्मतःच वेगळे झालेल्या जुळ्यांच्या गोष्टी तुम्ही वाचल्याच असतील. अमेरिकेत १९७९ साली ३९ वर्षांचे दोन भाऊ भेटले, दोघांची नावं जिम, दोघांच्या पहिल्या बायका लिंडा, दुसऱ्या बेटी. मानसशास्त्रज्ञ थॉमस बूशार्ड यांचा मिनेसोटातला मोठा अभ्यास त्यातूनच उभा राहिला आणि तो अभ्यास भक्कम आहे. पण बायकांच्या नावांचा किस्सा मला कधी पटला नाही. आमच्या वर्गात चार प्रशांत होते, त्यातल्या दोघांच्या बायका वर्षा. चौघांनाही तर्री-पोहा आवडतो. जनुकं कशाला लागतात?

आता मुख्य गाठ. ‘स्वभाव ४० टक्के आनुवंशिक’ या वाक्याचा अर्थ ‘तुमच्या रागातले ४० टक्के आजोबांचे, ६० टक्के तुमचे’ असा होत नाही. रागाचा सातबारा निघत नाही. हा आकडा एका माणसाचा नसतोच. तो एका गर्दीतल्या फरकांचा असतो. त्या गर्दीत कुणी जास्त चिडतो, कुणी कमी, या कमीजास्तपणातला किती भाग जनुकांच्या फरकाशी जुळतो, एवढंच तो सांगतो.

तुमच्या आजोबांच्या बागेकडेच चला. संत्र्याचं झाड बी पेरून कुणी करत नाही. जंबेरी लिंबाच्या खुंटावर चांगल्या झाडाचा डोळा, म्हणजे फुटव्याची कळी, भरतात. समजा, सगळे डोळे एकाच मातृवृक्षाचे आहेत. म्हणजे खुंटावरचा अख्खा बगीचा एकाच झाडाची नक्कल. तरीही कुठलाही बागायतदार सांगेल की निचऱ्याच्या जमिनीतलं झाड लदबदतं आणि भारी, पाणी साचणाऱ्या काळ्या जमिनीतलं झाड डिंक्या रोगानं वाळतं. या बागेत झाडाझाडांत जो फरक दिसतो त्यात डोळ्याच्या जनुकांचा वाटा किती? शून्य. म्हणून काय संत्र्याचं संत्रंपण जनुकांनी ठरत नाही? पूर्णपणे ठरतं. आता उलट करा: दहा जातींची रोपं एकाच वाफ्यात, एकाच पाण्यावर लावा. आता फरक जवळपास सगळा जनुकांचा. जनुकांचं काम दोन्हीकडे तेच, आकडा मात्र शून्यावरून शंभराकडे गेला, कारण बाग बदलली. टक्केवारी झाडाच्या आत नव्हतीच.

इथेच एक गोष्ट बोलून घेतो, कारण ती नागपुरात न बोलणं बरं दिसत नाही. एकाच वाफ्यातल्या फरकांवरून दोन शेतांमधल्या फरकाबद्दल काहीही सिद्ध होत नाही, हे जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवाँटिन यांनी १९७० सालीच बियाण्याच्या उदाहरणानं दाखवलं. आपल्याकडे मात्र ‘रक्तातच आहे’ हे वाक्य एका माणसावरून त्याच्या जातीवर जायला क्षणाचाही वेळ घेत नाही. आनुवंशिकतेवरचा एखादा फॉरवर्ड वाचून कुणी तसं बोललं की मी तिथल्या तिथे थांबवतो.

आता बाळ. सोपा हिशेब करू. तापटपणा मोजायची एक पट्टी आहे आणि तुम्ही सरासरीपेक्षा दहा गुण वर आहात असं धरा. बाळ तुमचे निम्मे जनुक घेतं, निम्मे आईचे. पुन्हा जुळ्यांमधला मोठा आकडा इथे लागू पडत नाही. जनुकांच्या ज्या विशिष्ट जुळणीमुळे एकसारखे जुळे इतके सारखे होतात ती जुळणी मुलापर्यंत जाताना मोडते. म्हणून २२ ते ४० टक्क्यांच्या मधला कुठलातरी आकडा धरायचा आणि त्याचं निम्मं करायचं. पत्नी सरासरी स्वभावाची असेल तर बाळाचा अंदाज सरासरीपेक्षा एक ते दोन गुण वर. आणि या अंदाजाभोवती फैलाव इतका मोठा की तुमचं लेकरू अगदी गाय निघण्याची शक्यताही भरपूर. एका आईची दोन लेकरं एक उत्तरेला आणि एक दक्षिणेला का, याचं कारण हेच. तीन पिढ्यांची रांग दिसते तेव्हा आपण शांत काकांना आणि आत्याला मोजलेलं नसतं. तुमच्या पत्रातही काका-आत्या नाहीत. होते का कुणी? ताट न फेकणारे?

जुळ्यांच्या अभ्यासातली एक गोष्ट आईबापांना फार टोचते. एका घरात वाढल्यामुळे भावंडांचे स्वभाव एकमेकांसारखे होतात, असं फारसं दिसत नाही. मला सुरुवातीला हे पटायला जड गेलं. पण यावरून कुणी असं काढू नये की मग ताट आपटलं काय आणि नाही काय, पोराला फरक पडत नाही. स्वभावाच्या पट्टीवर घराची सामायिक खूण दिसत नाही एवढंच त्याचं म्हणणं. एकाच आवाजानं थोरला घुमा होतो आणि धाकटा भांडकुदळ. आकडेमोडीत ते एकमेकांना छेदून जातात. शिवाय खरोखर हिंसक घरं अशा अभ्यासांत सहभागी होतात ती थोडीच. चाळिशीतली माणसं माझ्यासमोर बसून पितळी ताटाचा आवाज काढून दाखवतात.

आणि जन्मजात स्वभावही कायमचा नसतो. हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ जेरोम केगन चार महिन्यांच्या बाळांना नवे आवाज, नवी खेळणी दाखवायचे. साधारण पाचातलं एक बाळ हातपाय झाडून रडायचं. हीच मुलं पुढे भित्री, लाजरी होण्याची शक्यता जास्त होती, पण त्यातली बरीच तशी झाली नाहीत. ज्यांच्या आया दर रडण्याला धावून न जाता ठाम आणि वाजवी मर्यादा घालत होत्या, त्या मुलांची भीती लवकर उतरली. तेव्हा बाळ रडकं निघालं तर आजीबाईंनी ‘बापावर गेलं’ म्हणायच्या आत हे लक्षात ठेवा. ते वाक्य मूल ऐकत मोठं होतं.

यावर माझी स्वतःची एक चूक सांगतो. प्रॅक्टिसच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी एक तरुण मुलगी यायची, सतत काळजी करणारी. तिला दोषी वाटू नये म्हणून मी म्हणालो, ‘हे तुमच्या घराण्यातच आहे, तुमचा दोष नाही.’ मला वाटलं, ओझं उतरलं. बऱ्याच वर्षांनी कळलं की त्या वाक्यावर तिनं लग्न करायचं नाही असं ठरवलं होतं. मी जे दिलाशासारखं दिलं ते तिनं निकालासारखं घेतलं. तेव्हापासून ‘घराण्यात आहे’ म्हटलं की मी पुढचं वाक्य बोलल्याशिवाय पेशंटला उठू देत नाही.

आता पहिला प्रश्न. निवडीची भाषा फसवी आहे का?

तुमच्या मनात अस्तित्ववादाचं एक चित्र दिसतं: माणूस कोरी पाटी, मनात येईल तो होऊ शकतो. काही उत्साही समुपदेशक तसं बोलतातही, आणि तेव्हा ते चुकतात. मूळ विचार उलट बाजूनं सुरू होतो. जर्मन तत्त्वज्ञ हायडेगरचं म्हणणं असं की माणूस जगात टाकलेला असतो. आईबाप, शरीर, भाषा, काळ, यातलं काहीच त्यानं मागितलेलं नसतं. आजच्या भाषेत जनुकंही त्याच गाठोड्यात येतात. स्वातंत्र्य या गाठोड्याच्या बाहेर कुठे नाही, ते गाठोडं उचलून कुठे जायचं यात आहे. हायडेगर १९५९ पासून दहा वर्षं स्वित्झर्लंडमध्ये मेडार्ड बॉस या मनोचिकित्सकाच्या घरी डॉक्टरांचे वर्ग घ्यायचा, समोर तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी नव्हते, रुग्ण बघणारे लोक होते. आणि या उपचारपद्धतीचा आद्य माणूस म्हणतात तो लुडविग बिन्सवांगर. त्याच्या आजोबांनी १८५७ साली मनोरुग्णांसाठी आरोग्यधाम काढलं, वडिलांनी ते चालवलं, मग यानं. काकाही मनोचिकित्सक, आणि वेडा झालेला तत्त्वज्ञ नीत्शे १८८९ साली त्या काकांच्याच दवाखान्यात होता. स्वातंत्र्याबद्दल लिहिणारा हा माणूस आजोबांच्याच खुर्चीत बसलेला होता. वारसा म्हणजे काय हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

व्हिएन्नाचे व्हिक्टर फ्रांकल तर मेंदूचे डॉक्टर. जनुकं, मेंदू, परिस्थिती यांना ते कधीच नाकारत नव्हते. चार छळछावण्यांतून गेलेल्या माणसाला परिस्थितीची ताकद आपण काय सांगणार? ते एकसारख्या जुळ्या भावांचं उदाहरण द्यायचे. एक अत्यंत धूर्त गुन्हेगार झाला, दुसरा तितकाच धूर्त गुन्हेशास्त्रज्ञ. धूर्तपणा दोघांना जन्मानं मिळाला. त्याचं करायचं काय, ते मिळालं नव्हतं.

आपल्या शहराला हे समजायला व्हिएन्नाला जावं लागत नाही. १९३५ साली येवल्यात बाबासाहेब म्हणाले की हिंदू म्हणून जन्माला येणं माझ्या हाती नव्हतं, पण हिंदू म्हणून मरणार नाही. एकवीस वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, ते वाक्य इथे पूर्ण झालं. हा विषय जनुकांचा अजिबात नाही, जन्मावरून माणसाचं मोल ठरवण्याविरुद्धचा आहे. पण माझ्या पेशंटांपैकी कितीतरी जण ‘हाती नव्हतं’ आणि ‘पण’ यांच्यामधली ती जागा मला दीक्षाभूमीचं नाव घेऊन समजावून देतात. मी त्यांना हायडेगर सांगत नाही.

खोलीत हे प्रत्यक्ष कसं होतं ते दाखवतो. दोन-तीन माणसांच्या गोष्टी एकत्र करून सांगतो, ओळख पटू नये म्हणून. रेल्वेतून नुकतेच निवृत्त झालेले एक गृहस्थ, वय साठ. सुनेनं पाठवलं होतं. मे महिना, कूलर घरघरतोय, ते खुर्चीच्या कडेवर बसलेले. म्हणाले, ‘राग मी करत नाही जी. तो येऊन जाते. आमच्या खानदानातच हाय.’ मी विचारलं, आधी कुठे येतो? ते थबकले. असं कुणी विचारलं नव्हतं. मग हात कानामागे गेला. ‘इथं गरम होते.’ तिथून ताटापर्यंत किती वेळ? ‘टाइम कुठी असते डॉक्टर!’ मी म्हटलं, पुढच्या वेळी मोजून सांगा. माणूस रेल्वेचा, मोजणं त्यांच्या हाडात. पुढच्या आठवड्यात आले ते दारातूनच चार बोटं दाखवत. ‘चार सेकंद असते.’

चार सेकंद म्हणजे पुष्कळ वेळ आहे. कानामागची गरमी वारशानं आली असेल, मी वाद घालत नाही. पण त्या चार सेकंदांत काय होतं हे आम्ही पुढचे दोन महिने बघितलं. सुरुवातीला ‘अपमान’ हा शब्द आला. मग ‘मला कोणी विचारत नाही.’ आणि एका दुपारी, मी काही विचारलेलं नसताना, ‘बाबा एकसष्टाव्या वर्षी गेले.’ बराच वेळ फक्त कूलर. मग ते म्हणाले, ‘राग सोडला, तं बाबाचं काय राहते माझ्याजवळ?’

घर वाटण्यांत गेलं होतं, सायकल भंगारात गेली होती. राग तेवढा उरला होता. जनुकांचा कुठलाही अहवाल मला हे वाक्य देऊ शकला नसता. अमेरिकेतले अस्तित्ववादी मनोचिकित्सक अर्व्हिन यालम यांनी १९८० साली चार मूळ चिंता मांडल्या: मृत्यू, स्वातंत्र्य, एकटेपण आणि अर्थ नसणं. या माणसाच्या चार सेकंदांत चारही होत्या. पुढे त्यांनी वडिलांची आणखी एक गोष्ट शोधून काढली. वडील रोज पहाटे अंगणात पाणी मारायचे, मातीचा वास यायचा. हल्ली हे मारतात. राग गेला का? नाही. कानामागे अजून गरम होतं. ताट मात्र जागेवर राहतं, आणि सून आता जेवताना समोर बसते.

अर्थाचा प्रश्न आणि जनुकांचा प्रश्न दोन वेगळ्या दारांनी आत येतात. मी असा का झालो, हे एक. या असण्याचं मी काय करतो आणि ते सोडवत का नाही, हे दुसरं. पहिल्याचं उत्तर शंभर टक्के मिळालं तरी दुसरा तसाच उभा असतो. तुमचे समुपदेशक दुसऱ्यावर काम करतायत. त्यांनी पहिल्याला नाही म्हटलं असेल तर तसं का, हे त्यांनाच विचारा.

आता या पद्धतीच्या मर्यादा. मला ती आवडते, म्हणून तिचे गोडवे गाणार नाही. २०१५ मध्ये या उपचारांच्या १५ चाचण्यांचा, १,७९२ लोकांचा आढावा निघाला. त्यात बरेचसे कॅन्सरसारख्या गंभीर आजाराचे रुग्ण होते. जिथे अर्थाच्या प्रश्नावर आखीव-रेखीव काम झालं तिथे चांगला फरक पडला. नुसत्या मोकळ्या अस्तित्ववादी गप्पांतून फारसं काही हाती लागलं नाही. तेव्हा सहा सेशन झाल्यावर तुमच्या हातात कानामागच्या गरमीसारखी एकही ठोस गोष्ट आली नसेल, नुसते मोठे शब्द आले असतील, तर स्पष्ट सांगायचा तुम्हाला हक्क आहे. आणि ‘स्वभावाला औषध नाही’ या म्हणीला उत्तर म्हणून: २०१७ मध्ये २०७ अभ्यासांची बेरीज झाली. उपचारांनी व्यक्तिमत्त्वाचे गुण खरोखर हलतात, सगळ्यात जास्त हलतो तो मनाच्या अस्थिरतेचा गुण, आणि अभ्यासांतल्या उपचारांची सरासरी मुदत २४ आठवडे होती. पद्धत कोणती वापरली याचा फारसा फरक दिसला नाही. आम्हा पद्धतवाल्यांचा तोरा उतरवणारा आकडा आहे तो.

तत्त्वज्ञानाच्या आधी काही साध्या गोष्टी बघून घ्या, कारण माझा अनुभव असा की निम्म्या ‘खानदानी रागा’च्या तळाशी त्या असतात. झोप किती? मिहानमध्ये रात्रीच्या शिफ्ट असतील तर आधी तेच. रात्री जोरात घोरता का, दारू किती, थायरॉइड तपासला का. पुरुषांत नैराश्य कित्येकदा उदासीच्या ऐवजी चिडचिडीच्या रूपात येतं. आणि मधेच आठवडाभर झोपेशिवाय भन्नाट उत्साह, वारेमाप खर्च, असं घरात कुणाला झालेलं असेल तर ते मनोविकारतज्ज्ञाला सांगाच. तो आजार वेगळा, त्यात आनुवंशिकतेचा वाटा स्वभावापेक्षा बराच मोठा, आणि तिथे लिथियमसारखं औषध लागतं. ‘निवड’ म्हणून तो बरा होत नाही. जीव नकोसा वाटत असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर दिवसरात्र चालू असतो.

आणि एक सरळ प्रश्न. ताटावरच थांबलं की हात उचलला गेलाय? गेला असेल तर सगळा क्रम बदलतो. आधी तिची सुरक्षितता, मग तुमचा स्वभाव, मग हायडेगर. समुपदेशकांना हे सांगितलं नसेल तर पुढच्या सेशनचं पहिलं वाक्य तेच असू द्या.

नसेल गेला, तर तुमच्या पत्रातली एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा दिसते. आजोबांनी ताट भिरकावलं, वडिलांनी आपटलं, तुम्ही सरकवलं आणि उठलात. उठून कुठे गेलात? गॅलरीत, गाडी काढून फुटाळा तलावावर, की बेडरूमचं दार लावून? ताट सरकवण्याच्या आधीच्या सेकंदांत काय होतं ते तुम्हाला आत्ता आठवेल असं नाही, पण नंतरच्या पाच मिनिटांत काय केलंत ते आठवेल. ते लिहून काढा आणि घेऊन जा.

तुमचं पत्र दोन पानांचं आहे. आजोबा आहेत, वडील आहेत, न जन्मलेलं बाळ आहे. पत्नी फक्त एका ओळीत येते, ‘तिला सातवा महिना आहे’. त्या रात्री ताट सरकल्यावर ती काय म्हणाली, किंवा काहीच म्हणाली नाही, ते त्यात कुठेच नाही. मला लिहायच्या आधी तिला विचारलं होतंत का?